व्याह्यांची बोट

मेनाच्या वडिलांशी बोलता यावं म्हणून माझ्या आईनं एका दिवसात सहा वेळा समुद्र ओलांडला. ही १९५८ सालची गोष्ट. त्याआधी तिनं हैद्राबादच्या हुसेनसागर तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं.

मी तेव्हा इटलीत होतो. हैद्राबादला इंजिनिअरिंग पुरं करून दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी नेपल्सजवळच्या एका यंत्रांच्या कारखान्यात लागलो होतो. गावाचं नाव पोत्सुओली. आईला ते कधी म्हणता आलं नाही. ती सरळ ‘पोचवली’ म्हणायची, आणि पुढं घरात आम्ही सगळेच पोचवली म्हणायला लागलो. पोचवलीच्या समोर, बोटीनं पाऊण तासावर, प्रोचिदा नावाचं लहानसं बेट आहे. तिथली माणसं सकाळच्या बोटीनं कामाला यायची आणि संध्याकाळच्या बोटीनं घरी जायची. त्यांत फिलोमेना होती. कारखान्यात आमच्याच विभागात सुटे भाग तपासायची. घरचे तिला मेना म्हणत, म्हणून मीही मेना म्हणायला लागलो. वर्षभरानंतर आम्ही लग्न करायचं ठरवलं आणि मी राजूरला घरी पत्र टाकलं.

उत्तर केशवकाकांचं आलं. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील, दीनानाथ वकील, सात वर्षांपूर्वी गेले होते, तेव्हापासून घरातली मोठी पत्रं काकाच लिहायचे. चार पानं होती. धर्म, भाषा, जात, खाणंपिणं, गावातले लोक काय म्हणतील, असं सगळं एकेक करून मांडलेलं होतं. चौथ्या पानाच्या तळाशी आईच्या अक्षरात दोन ओळी होत्या. ‘मुलगी अन् तिची माणसं बघितल्याशिवाय मी हो म्हणणार न्हाई अन् न्हाईही म्हणणार न्हाई. मी येते.’

मला वाटलं, रागानं लिहिलं असेल. पण आई बोलायचं म्हणून बोलणाऱ्यांतली नव्हती. अठ्ठेचाळीस साली, रझाकारांच्या धामधुमीत, वडील जालन्यात अडकलेले असताना तिनं बैलगाड्या जुंपून सगळं घर एका दिवसात देऊळगावला, वऱ्हाडात नेलं होतं. तीन महिन्यांनी मुंबईहून तार आली आणि त्यानंतर तेरा दिवसांनी ती नेपल्सच्या धक्क्यावर उतरली. फिक्या निळ्या रंगाचं नऊवारी लुगडं, खांद्यावर शाल, हातात कापडी पिशवी. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाली, “वाळलास रे गजू. मुलीकडं कवा जायचं?”

“आज विश्रांती घे. उद्या रविवार आहे. उद्या जाऊ.”

“तेरा दिवस विश्रांतीच घेतली की,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी आठच्या बोटीनं आम्ही निघालो. ती काही मोठी बोट नव्हती. शंभर-सव्वाशे उतारू, खाली आत बसायची जागा, वर उघड्यावर लाकडी बाकं, मागच्या बाजूला कोंबड्यांची खुराडी आणि भाजीच्या पाट्या. चढायला एक फळी टाकलेली असायची. फळीपाशी काळ्या लोकरी टोपीतला एक उंच, रुंद खांद्यांचा खलाशी उभा राहून म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देत होता. त्यानं आईलाही हात दिला. तिच्यामागून मी आलो तसा त्यानं हात मागं घेतला आणि दुसरीकडं बघितलं.

“कोण रे ते?” आईनं विचारलं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

“मेनाचे वडील. मिकेले.”

“अन् तुझ्याशी बोलत न्हाईत?”

“आठ महिने झाले.”

मी तिला सगळं सांगितलं. बोटीचे दोर आणि फळी सांभाळणं हे मिकेलेचं काम. वयाच्या सोळाव्या वर्षापासून तो याच खाडीत जा-ये करत होता. मेनानं घरी माझं नाव काढलं त्या दिवसापासून तो मला बघितलं की बोटीच्या दुसऱ्या टोकाला जायचा. पोरीवर ओरडला नाही, की तिला कोंडून ठेवलं नाही. फक्त बोलणं टाकलं. आईनं ऐकून घेतलं आणि पिशवीतून सुंठ-गुळाची गोळी काढून तोंडात टाकली. जहाजावर तिला हा उपाय सापडला होता.

बेटावर मेना आणि तिची आई धक्क्यावर न्यायला आल्या होत्या. मेनानं खाली वाकून आईच्या पायांना हात लावला. मी शिकवलं होतं, पण ती इतक्या सहज करील असं मला वाटलं नव्हतं. आईनं तिची हनुवटी धरून तिचा चेहरा नीट पाहिला.

“मैना,” ती म्हणाली. “बराबर नाव आहे.”

घर टेकडीवर होतं. पिवळ्या रंगाचं, मागं लिंबाची बाग, दावणीला एक शेळी. आई मांसमच्छी खात नाही हे मेनानं घरी सांगून ठेवलं होतं, म्हणून तिच्या आईनं पावट्यासारख्या शेंगा शिजवल्या होत्या आणि तिथल्या जाड सालीच्या लिंबांची कोशिंबीर केली होती. आईनं पिशवीतून तिखटाची पुडी काढून त्या कोशिंबिरीवर टाकली. मेनाच्या आईनं चाखून बघितली, डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरा घास घेतला. त्या दोघींचं तिथंच जमलं. आईनं घर बघितलं, चूल बघितली, मेनाच्या हातचं शिवणकाम उलटं करून टाके बघितले. मग म्हणाली, “मुलगी मला पसंत आहे. आता व्याह्यांना बोलवा.”

मी हे सांगितल्यावर मेनाची आई रडायला लागली. तो येणार नाही, म्हणाली. पोरीला दूर नेणाऱ्या माणसाबरोबर एका टेबलाशी बसणार नाही, असं त्यानं देवाशपथ सांगितलंय. आज सुट्टी होती, तरी मुद्दाम कामावर गेलाय.

“कुठं आहेत ते आत्ता?” आई म्हणाली.

“बोटीवर.”

“टेबलाशी बसणार न्हाईत, असंच म्हणाले ना? मंग बोटीवर कुठं टेबल आहे?” ती उठून शाल घ्यायला लागली. “पुढची बोट किती वाजता?”

“अगं आई, ते कामात असतात. चार लोकांत असं बोलणं—”

“गजू, मी तेरा दिवस समुद्रावरून आले ती लिंबं खायला न्हाई आले. चल जल्दी.”

अकराच्या बोटीनं आम्ही पुन्हा पोचवलीला निघालो. आई वरच्या डेकवर, फळीजवळच्या बाकावर बसली. मिकेलेला तिथं यावंच लागे. त्यानं दोर सोडला, फळी ओढली आणि आमच्याकडं न बघता खाली इंजिनाच्या खोलीत निघून गेला. पोचवली आल्यावरच वर आला. सगळे उतारू उतरले, आम्ही दोघं बसून राहिलो. बाराच्या बोटीनं परत. याही वेळी तो खालीच. बेटाच्या धक्क्यावर मेना पाव आणि फळं घेऊन उभी होती. तिनं ती वर दिली, माझ्याकडं बघून काय झालं असं खुणेनं विचारलं, मी मान हलवली. आई तिला हात करून म्हणाली, “जा बाई घरी, उन्हात उभी राहू नको.” मेनाला शब्द कळले नाहीत, पण ती सावलीत जाऊन उभी राहिली.

आता उतारूंच्याही ध्यानात यायला लागलं होतं. तिकीटवाल्यानं आमच्याकडं तिकीट मागणं सोडलं. भाजीवाल्या बायका एकमेकींत बोलून राहिल्या होत्या. मला कानकोंडं झालं होतं. “आई, पुरे आता. लोक हसतील.”

“हसू दे. मी कुणाचं काही चोरून राह्यले का?”

दोनच्या बोटीला वारा सुटला. बंदराबाहेर पडताच बोट एका कुशीवर कलायची आणि सावकाश सरळ व्हायची. वरची माणसं खाली पळाली. खाली गर्दी झाली, उलट्या सुरू झाल्या. एक म्हातारी बाई आमच्या शेजारच्या बाकाला धरून बसली होती, चेहरा पांढराफटक पडलेला. आईनं तिच्या तोंडात सुंठीची गोळी घातली, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि शालीनं तिला झाकलं. लाटेचं पाणी डेकवर येत होतं, आईच्या लुगड्याचा अर्धा भाग भिजला होता. ती हलली नाही.

तेव्हा मिकेले आला. हातात रबरी कोट होता. तो त्यानं आईच्या अंगावर टाकला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. “तुझ्या आईला म्हणावं, आत जाऊन बस.”

मी आईला सांगितलं.

“त्यांना म्हणावं, तुम्ही आत येऊन बोलणार असाल तर येते. न्हाई तर मी इथं बरी आहे.”

मिकेलेनं त्या म्हातारीला उचलल्यासारखं करून जिन्यानं खाली नेलं, आणि परत वर येऊन आमच्या समोरच्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला.

“बोला,” तो म्हणाला.

“तुम्ही बोला,” आई म्हणाली. “माझा मुलगा तुम्हाला का नको? रंग, धर्म, काय असेल ते सांगा. अन् गजू, तू मधे काही घालू नको, काही गाळू नको. जसं बोलतील तसं सांग.”

मिकेलेनं मान हलवली. “पोरगा चांगला आहे. कारखान्यात चौकशी केलीय मी.” मग समोरच्या पाण्याकडं बोट केलं. “माझी बहीण राकेले. सव्वीस साली लग्न होऊन अर्जेंटिनाला गेली. आमच्या बेटाच्याच धक्क्यावरून. तिच्या बोटीचा दोर मी सोडला, या हातांनी. तेव्हा मी नुकताच कामाला लागलो होतो. तीन पत्रं आली. पहिलं चार महिन्यांनी. तिसऱ्यानंतर काही नाही. जिवंत आहे का मेली, आम्हाला ठाऊक नाही. माझी आई मरेपर्यंत टपालवाल्याच्या वाटेकडं बघत होती. मी मेनासाठी दोर सोडणार नाही. दुसरा कुणी सोडला तर सोडू दे, माझ्याच्यानं होणार नाही.”

मी एकेक वाक्य आईला सांगत गेलो. बोट वर गेली, खाली आली.

मग तिनं सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ऐकता ऐकता मला ते इटालियनमध्ये सांगायचं होतं.

“माझं माहेर हैद्राबादचं. चौदाव्या वर्षी मी राजूरला आले. सासऱ्यांनी माझ्या वडिलांना शब्द दिल्ता, दर दिवाळीला पोरीला पाठवू. रेल्वेनं एका रात्रीची वाट. पण पहिल्या वर्षी सासूबाई आजारी, दुसऱ्या वर्षी नणंदेचं लग्न, तिसऱ्या वर्षी काही कारणच न्हाई. माझे वडील दर दिवाळीला काचीगुड्याच्या स्टेशनवर येऊन उभे राहायचे. पोर न सांगताच येईल म्हणून. पाचव्या वर्षी मी गेले तेव्हा ते वारले होते. दोन महिने झाले होते.” ती थांबली. “सांगितलंस का?”

कसंबसं सांगितलं.

“त्यांना म्हणावं, समुद्रानं कुणाला नेलं असं तुम्ही म्हणता. मला तर एका रात्रीच्या वाटेनं नेलं. नेणारी माणसंच असतात. तर मी आज शब्द देते. दर तिसऱ्या वर्षी मुलगी माहेरी येईल. मी असेन तर मी पाठवीन, मी नसेन तर हा पाठवील. शब्द मोडला की काय होतं ते मला बिलकुल माहीत आहे, म्हणून देते.”

मिकेले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. म्हणाला, “तुम्ही चांगल्या बाई आहात. पण शब्द हा शब्दच असतो. मी तुमचं घर बघितलं नाही, गाव बघितलं नाही. पोरगी कुठं झोपणार, पाणी कुठून आणणार, मला काय ठाऊक?”

आई एकदम पुढं सरकली, जणू ती याच वाक्याची वाट बघत होती.

“मंग बघायला या. आमच्यात मुलीचा बाप आधी मुलाचं घर बघतो. न बघता हो म्हणणं चूक, तसं न बघता न्हाई म्हणणंही चूकच.”

मिकेले हसला. पांढऱ्या मिशीखाली त्याचे दात दिसले. “मी? हिंदुस्थानात? बाई, मी इथून तिथं जाणारा माणूस आहे. बेटावरून गावात, गावातून बेटावर.”

“मी बाई माणूस, पन्नास वर्षांची, विहिरीच्या पाण्यावर वाढलेली. मी इथवर आले. तुमचा सगळा जन्म पाण्यावर गेला. तुम्ही कशाला भिता?”

मी हे सांगायचं टाळून भिजलेली बाही पिळायला लागलो.

“सांग ना.”

“आई, हे शेवटचं...”

“बराबर सांग, गजू. मी म्हणाले तसं.”

मी सांगितलं. मिकेलेचा चेहरा लाल झाला. तो उठला. मला वाटलं, संपलं सगळं. पण पोचवलीचा धक्का आला होता आणि त्याला दोर टाकायचा होता. तो टाकून तो पुढच्या खेपेच्या माणसांना चढवायला लागला, आणि चारच्या बोटीत आमच्याकडं फिरकला नाही. आई मात्र आता निवांत होती. म्हातारीनं परत केलेली शाल वाळत घालून तिनं मेनानं दिलेलं संत्रं सोललं, अर्धं मला दिलं.

संध्याकाळी सहाच्या बोटीनं आम्हाला पोचवलीला परतायचं होतं. धक्क्यावर मेना, तिची आई आणि बेटावरची अर्धी वस्ती जमली होती, कारण भाजीवाल्या बायकांनी दिवसभराची हकीकत गावभर केली होती. वारा पडला होता. बोट निम्म्या वाटेवर आली तेव्हा मिकेले आमच्यापाशी आला आणि बाकावर बसला, आईच्या शेजारी, मधे दोन हात जागा सोडून.

“माझा पुतण्या मुंबईला जाणाऱ्या जहाजावर आहे, इंजिनाच्या भट्टीवर,” तो म्हणाला. “मला कामावर घेऊन नेतील म्हणतो. हिवाळ्यात.”

“हिवाळ्यात बराबर,” आई म्हणाली. “ज्वारीला कणसं धरलेली असतील. हुरडा खाऊ घालीन.”

हुरड्याला इटालियनमध्ये काय म्हणतात, मला अजूनही माहीत नाही. मी म्हणालो, शेकोटीवर भाजलेलं कोवळं धान्य. मिकेलेनं ते गंभीरपणे ऐकून घेतलं.

तो आला. आई आधीच परतली होती. कारखान्यानं मला आणखी एक वर्ष ठेवून घेतलं होतं. मी दोन महिन्यांची रजा काढून त्याच्याबरोबर निघालो. डिसेंबरात आम्ही जालन्याला गाडीतून उतरलो आणि मोटारीनं राजूर गाठलं. त्या दिवशी चतुर्थी होती. गणपतीच्या देवळापासून मोटारथांब्यापर्यंत माणूसच माणूस. काळ्या टोपीतला मिकेले त्या गर्दीत सगळ्यांपेक्षा उंच दिसत होता, आणि केशवकाका त्याला न्यायला धोतर सावरत येऊन राहिले होते. काकांनी दोन्ही हात जोडले. मिकेलेनं टोपी काढली.

त्यानं घर बघितलं ते बोट तपासावी तसं. मेनासाठी ठेवलेल्या खोलीच्या दाराची कडी चार वेळा लावून काढून बघितली, खिडकीचे गज हलवले, विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल आहे ते मापलं. काकांबरोबर शेतावर गेला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी दोघं दिवसभर बोलायचे. हुरडा त्याला आवडला. रात्री झोप येत नाही म्हणायचा, पाण्याचा आवाज नाही म्हणून. दहाव्या दिवशी मी विचारलं, काय ठरवलंत? तो म्हणाला, थांब.

कशासाठी थांबायचं ते आईला मात्र ठाऊक होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशीच तो काकांना घेऊन भोकरदनच्या टपालकचेरीत गेला होता आणि त्यानं स्वतःच्या हातानं बायकोला विमानटपालानं पत्र टाकलं होतं. पत्रात एकच प्रश्न होता. शेळी व्याली का?

पत्र टाकल्यापासून एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. टपालवाल्यानं ते ओसरीवर आणून दिलं. मिकेलेनं पाकिटावरचे शिक्के उजेडात धरून बघितले, मग पत्र उघडलं, वाचलं, आणि आईकडं वळून दोन बोटं वर केली.

“दोन पिल्लं,” तो मला म्हणाला. “एक पांढरं. सांग तुझ्या आईला. एकोणीस दिवस लागले, जायला आणि यायला मिळून.” तो बराच वेळ ते पाकीट हातात धरून बसला. डोळे पुसले, टोपी घातली. “पोरीनं दर महिन्याला लिहायचं. हे माझं एकच सांगणं.”

“दर पंधरा दिवसांनी लिहील,” आई म्हणाली. “न लिहिलं तर मी रागावीन. भावजी, पंचांग काढा.”

केशवकाका पंचांग घेऊन आले. मिकेलेनं खिशातून संतांच्या नावांची एक चुरगळलेली दिनदर्शिका काढली. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस लग्न नको, असं तो म्हणाला. काकांनी त्याच्यानंतरचा, वैशाखातला एक शुक्रवार दाखवला, तर तो दोन्ही हात हलवायला लागला. शुक्रवारी त्यांच्याकडं कुणी लग्न करत नाही, आणि मंगळवारीही नाही. त्यानं रविवार सुचवला, काकांनी अमावास्येवर बोट ठेवून जीभ चावली. चार पानं भरून नकार लिहिणारे माझे काका आता एका खलाशाला ग्रहांची गती समजावून सांगत होते, आणि तो चष्मा मागून घेऊन बारीक अक्षर वाचायचा प्रयत्न करत होता, ते मराठीत असूनही.

शेवटी एका गुरुवारावर दोघांची बोटं थांबली. मी तारीख लिहून घेतली. स्वैपाकघरातून आईनं हाक मारली, पानं वाढलीत, बाकीचं जेवून बोला.